तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी झाडली की नळीत फुंकर कशाला?

रेंजवरचा व्हिडिओ पाठवला की घरच्यांकडून, मैत्रिणींकडून, त्यांच्या मुलांकडून हमखास हाच प्रश्न येतो, ताई, प्रत्येक गोळीनंतर ती प्लास्टिकची ट्यूब लावून बंदुकीत फुंकता कशाला, धूर बाहेर काढायला का? तर नाही, धुराचा काही संबंध नाही. माझ्या श्वासातला ओलावा आत जावा म्हणून फुंकायचं. आता का ते नीट सांगते, जरा लांबेल पण विचारलंच आहे तर.

मी मारते ती ब्लॅक पावडर कार्ट्रिज रायफल. कोकणात शेतराखणीला असते तशी ठासणीची बंदूक नाही ही, हिच्यात पितळी काडतूस मागून घालतात, एका वेळी एकच. पण काडतुसातली दारू तीच जुनी, सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण 75, 15 आणि 10 या प्रमाणात, आपल्या गडांवरच्या दारूकोठारात असायची त्याच जातीची. माझं काडतूस 45-70, अमेरिकन लष्कराने 1873 मध्ये घेतलेलं, त्यातले 70 म्हणजे 70 ग्रेन दारू, साडेचार ग्रॅम धरा.

आता खरी गोम इथे आहे. हल्लीची बिनधुराची पावडर जळली की जवळजवळ सगळा गॅसच होतो, ब्लॅक पावडरचं तसं नाही, तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग, 55 टक्क्यांच्या आसपास, घन पदार्थ म्हणून उरतो. म्हणजे एका गोळीमागे अडीच ग्रॅम! त्यातला बराचसा त्या पांढऱ्या ढगातून बाहेर जातो आणि बाकीचा नळीत आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचांना, चिकटून बसतो, हेच फाउलिंग. पोटॅशियम कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असं सगळं त्यात असतं, आणि यातलं कार्बोनेट म्हणजे पावसाळ्यात पाझरणाऱ्या मिठाच्या बरणीसारखं, हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मिळालं तर फाउलिंग मऊ, काजळीच्या मलमासारखं राहतं, पुढची गोळी ते सहज रेटून नेते. पाणी नाही मिळालं तर तेच सुकून कडक होतं, आणि सगळ्यात आधी कुठे, तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, जरा पुढे, जिथे गोळी आट्यांमध्ये शिरते नेमकं तिथे. पुढचं काडतूस बसवताना हाताला लगेच कळतं, जे अंगठ्याने सरकन आत जायचं ते शेवटी अडतं, दाबावं लागतं. हे जाणवलं की मी सरळ थांबते, पुढची गोळी मारतच नाही.

कारण शिशाची गोळी मऊ असते, आमच्याकडे वीस भाग शिसं आणि एक भाग कथील असा मिश्रधातू बराच चालतो, आणि ती कडक पापुद्र्यावरून घासत गेली की तिच्या अंगावरच्या खाचांत भरलेलं ल्यूब, म्हणजे मेणचट वंगण, अर्ध्या वाटेतच संपतं, पुढे शिसं नळीला लागतं, वेग बदलतो, आणि मग गोळी कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. सिल्हूट मॅचमध्ये, म्हणजे प्राण्या-पक्ष्यांच्या आकाराचे लोखंडी पत्रे पाडायच्या स्पर्धेत, कोंबड्या 200 मीटरवर असतात, डुकरं 300, टर्की 385 आणि मेंढे 500 मीटरवर. आमची गोळी जड आणि सावकाश, सुटतानाच वेग सेकंदाला 365 मीटरच्या आसपास, मेंढ्यापर्यंत जायला तिला दीड सेकंदाच्या वर लागतो आणि तेवढ्यात ती कित्येक मीटर खाली येते. वेगात सेकंदाला दहाएक मीटरचा फरक पडला तर मेंढ्याजवळ ती सहज फूटभर वर-खाली होते, आणि मग नेम कितीही अचूक धरा, गोळी पाठीवरून जाणार किंवा पायाशी माती उडवणार.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, नळी चकचकीत ठेवण्याच्या मागे लागू नका, प्रत्येक गोळीला नळी सारखी मिळाली पाहिजे हे बघा. धुतलेल्या, तेल लावलेल्या नळीतून पहिली गोळी बहुतेक वेळा वेगळीच जाते, ती स्वच्छ असूनही. थोडं फाउलिंग चालतं, पण ते प्रत्येक वेळी तेवढंच आणि तितकंच ओलसर हवं.

फुंकर त्यासाठीच. ब्लो ट्यूब म्हणजे एक रिकामं काडतूस तळाशी भोक पाडून त्याला बसवलेली प्लास्टिकची नळी. गोळी झाडली, ब्रीच म्हणजे नळीचं मागचं तोंड उघडलं, रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, काढली, चेंबर डोळ्यांनी बघितला, मग मागूनच ट्यूब लावायची आणि सावकाश लांब श्वास सोडायचे. जोरात फुंकून उपयोग नाही, पोटातून येणारा गरम दमट श्वास हवा. दमट दिवशी तीन-चार पुरतात, उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोत रॅटनला, तिथली रेंज साडेसहा हजार फुटांच्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत आणि नळी उन्हाने तापलेली, तिथे आठ-दहा सुद्धा कमी पडतात. आणि सगळ्यात घातक म्हणजे गप्पा. दोन गोळ्यांमध्ये कुणाशी बोलत बसलात की तेवढ्यात आत सगळं सुकलं, म्हणून थांबावं लागलं तर आधी पुन्हा फुंकायचं आणि मगच काडतूस घालायचं.

बरोबर चाललंय की नाही हे नळीच्या तोंडाशी दिसतं. रायफल रिकामी करून, ब्रीच उघडा ठेवून मग बघायचं हं. तोंडाच्या कडेला आट्यांच्या रेघांनुसार ल्यूबची ओलसर, काळसर चांदणी उमटलेली असते, बोट लावलं तर चिकट लागते. ती असेल तर ल्यूब शेवटपर्यंत पोचलंय. चांदणी कोरडी, राखाडी दिसली तर ल्यूब कमी पडतंय किंवा श्वास. ल्यूबसुद्धा मधमाशांचं मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल असलं हवं, पेट्रोलियमचं ग्रीस या दारूबरोबर डांबरासारखं चिकटून बसतं.

दुसरा मार्ग पुसण्याचा. प्रत्येक गोळीनंतर एक ओला पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, मग एक कोरडा, मागून पुढे. पाण्यात विरघळणारं थोडं तेल घातलेलं पाणी वापरतात. हे जुनंच आहे, 1874 मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला अमेरिका आणि आयर्लंड अशी 800, 900 आणि 1000 यार्डांची गाजलेली मॅच झाली, अमेरिकेने 934 विरुद्ध 931 अशी जिंकली, त्या काळच्या लांब पल्ल्याच्या कागद गुंडाळलेल्या गोळ्यांना पुसलेली नळीच लागायची आणि आजही लागते, कारण त्या गोळीला ल्यूबच्या खाचा नसतात. मात्र पॅच जास्त भिजलेला असला तर चेंबरमध्ये पाणी राहतं आणि ती गोळी गेलीच म्हणून समजा. पिळून घ्यायचा, दर वेळी सारखाच.

माझं विचाराल तर कोंबड्या उभ्याने मारायच्या असतात, तिथे हातच इतका हलतो की पुसापुशीने फार फरक पडत नाही, फुंकरीवर भागतं. टर्की आणि मेंढ्यांना मात्र मी पुसतेच, वेळ जातो खरा पण जाऊ दे. टर्की सगळ्यात अवघड असं बहुतेक जण म्हणतात आणि मला ते पटतं.

आणि हो, घरी आल्यावर काय करतेस हेही काहींनी विचारलं होतं. केसेस रेंजवरच पाण्याच्या बाटलीत टाकायच्या, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून. नळीत पहिला ओला पॅच घातला की सडक्या अंड्याचा वास येतो, तो सल्फाइडचा, घाबरू नका. पॅच पांढरे निघेपर्यंत पाण्याने पुसायचं, मग पूर्ण कोरडं करून तेलाचा हलका हात. हे दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, दमट हवेत तर रात्रीतून गंज धरतो. पुढच्या वेळी पहिल्या गोळीच्या आधी ते तेल कोरड्या पॅचने काढून टाकायचं.