लोहगडाच्या तटातला पिंपळ कोणी काढायचा?

लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं, द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागतं. तिथून लोहगडवाडीपर्यंत दमवणारा चढ आहे. पावसाळ्यातला रविवार मात्र टाळा, पायऱ्यांवर चेंगराचेंगरीची वेळ येते.

आमची टोळी जरा विचित्र होती. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम, जुने वाडे दुरुस्त करणारा आर्किटेक्ट मित्र, ब्राह्मी वाचणारे निवृत्त काका, आणि डबे वाहायला मी. एकाच दगडापाशी तिघं तीन गोष्टी बघतात, त्यामुळे गड चढायला दुप्पट वेळ लागला.

नारायण दरवाजाच्या अलीकडे तटाच्या सांध्यातून वीतभर पिंपळ उगवलेला. कॉलेजची पोरं साफसफाईला आली होती, त्यातला एकजण तो उपटायला सरसावला. "अरे बाळा, ओढू नकोस!" मॅडम ओरडल्याच. पाखराच्या विष्ठेतून पडलेलं बी. वर वीतभर दिसत असलं तरी मुळी दगडामागे कुठवर गेली असेल याचा नेम नाही. ओढलं तर मुळीबरोबर सांध्यातला चुनाही येणार, आणि नुसतं छाटलं तर चार धुमारे जास्त फुटणार. मूळ आत मारायला हवं आणि सांधा लगेच भरायला हवा.

"भरायचा कशाने?" इथे आर्किटेक्टची पाळी. सिमेंट, असं कोणी म्हणायच्या आतच त्याने हात वर केला. सिमेंट कडक, ओल बाहेर सोडत नाही. पाणी मागे साठतं आणि भिंतीला पोट येतं. चुना मऊ असतो, श्वास घेतो. गडावर चुन्याची घाणी आहेच, बघा म्हणाला. महादरवाजातून आत गेल्यावर आम्ही ती मुद्दाम पाहिली. गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, बैलाने ओढायचं. आपल्याकडे लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात आणि पुढच्या बुरुजाला सिमेंट थापतात, हे माझं मत.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपल्या पुणे जिल्ह्यातले त्यात शिवनेरी, लोहगड आणि राजगड. लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, राजगड राज्याच्या. रानाचा विषय निघाला की वनखातं, वाडीतल्या घरांचा निघाला की ग्रामपंचायत. पिंपळ सगळ्यांच्याच हद्दीत वाढतो. उतारावरची कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिची मुळं माती धरून ठेवतात, हे झाडीसफाईचा उत्साह चढलेल्यांना कोणीतरी आधी सांगायला हवं.

वाडीत पिठलं-भाकरी खाताना मावशींना विचारलं, पाऊस झाला की तटावरनं पाणी कुठनं येतं? त्यांनी भाकरी थापता थापताच बोट दाखवलं. "वरचं टाकं गाळानं भरलं की पानी आडवं पळतंय, मग त्या भिंतीतनं येतंय बगा." आर्किटेक्टने वही काढली. तिघांनाही ठाऊक नसलेली गोष्ट त्यांना घरबसल्या ठाऊक होती.

उतरताना भाजे लेणी. इ. स. पू. दुसऱ्या शतकातली, 22 लेणी. चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाच्या, छताला आजही लाकडी कमानी आहेत. खडकात कोरलेल्या छताला लाकडाचा काहीच आधार लागत नाही. कारागिरांना लाकडी इमारतीची सवय, म्हणून दगडालाही त्यांनी तसंच सजवलं. पलीकडे कार्ल्यालाही तसंच लाकूड टिकून आहे. कीड, दमट हवा, वटवाघळं, यांतलं काहीही एकट्या इतिहासकाराला झेपणारं नाही.

स्तूपांच्या समूहापाशी काका अक्षरांना बोट न लावता, हवेत रेघ ओढत थेरांची, म्हणजे ज्येष्ठ बौद्ध भिक्षूंची, नावं वाचत होते. धम्मगिरी, संघदिन. शेजारच्या खडकावर हिरवट शेवाळं. काकांना ते ब्रशने घासून काढायचं होतं, मॅडम म्हणाल्या घासलं तर अक्षरांच्या कडाच जातील. वाद रंगला. आर्किटेक्ट वर बघत होता, शेवाळ्याच्या वरच्या भेगेकडे.

"आधी पाणी कुठून येतंय ते बघू," तो म्हणाला, "शेवाळं नंतर."