निलगिरीच्या एक्स इंजिनाची दुमजली चाल : या हंगामातली प्रगती

निलगिरीच्या गाडीचे निळे-क्रीम डबे, मागे दरी, पुढे चहाचे मळे, खिडकीतून हात हलवणारी पोरं असे फोटो माझ्या हार्डडिस्कवर उदंड झाले. तुमच्याकडेही असतील. या हंगामात म्हणून एकच काम घेतलं होतं : ही गाडी ओढणाऱ्या एक्स वर्गाच्या वाफेच्या इंजिनाची बाजू. धुराडं नको, वाफेचे लोट नकोत, नुसते चाकं फिरवणारे चालते रॉड. या इंजिनाचं सगळं वेगळेपण तिथेच आहे, आणि फोटोंत नेमकं तेच क्वचित दिसतं.

ज्यांनी हे इंजिन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. मेट्टुपालयम ते उदगमंडलम (ऊटी) हा मीटरगेजचा ४६ किलोमीटरचा मार्ग ३२६ मीटरवरून २२०३ मीटरवर चढतो. १८९९ मध्ये तो कुन्नूरपर्यंत सुरू झाला, १९०८ मध्ये उदगमंडलमला पोचला, आणि २००५ पासून दार्जिलिंगच्या जोडीनं जागतिक वारशाच्या यादीत आहे. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ साडेबाराला एक, म्हणजे साडेबारा मीटरला एक मीटर, इतका तीव्र. नुसत्या चाकांची पकड तिथे पुरत नाही, म्हणून दोन रुळांच्या मधोमध आब्ट पद्धतीचा दातेरी रूळ, म्हणजे रॅक. इंजिन कायम उताराच्या बाजूला असतं. वर जाताना डबे ढकलतं, खाली येताना त्यांना धरून ठेवतं.

एक्सची रचना स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या एसएलएम कारखान्याची. मांडणी ०-८-२, म्हणजे मधे आठ चालती चाकं आणि मागे दोन नुसती भार पेलणारी; सिलिंडर चार. खालचे दोन नेहमीप्रमाणे चाकं फिरवतात. त्यांच्या बरोबर वर बसवलेले दोन रॅकची दातेरी चाकं फिरवतात, पण थेट नाही, मधे गिअर आहे. त्यामुळे वरचे क्रँक, म्हणजे रॉडची ये-जा फिरण्यात बदलणारे दांडे, खालच्या चाकांच्या उलट दिशेनं फिरतात, आणि बरेच भराभर. खालचे रॉड संथपणे एका दिशेला, वरचे शिवणयंत्रासारखे लगालगा दुसऱ्या दिशेला.

कल्लारपर्यंत वरचा मजला स्वस्थ असतो. इंजिन साध्या दोन सिलिंडरांवर पळतं आणि वापरलेली वाफ सरळ धुराड्यात जाते. रॅक लागला की तीच वाफ आधी वरच्या सिलिंडरांत जाते, तिथे पुन्हा कामाला लागते आणि मग बाहेर पडते. एरवी कंपाउंड इंजिनात, म्हणजे तीच वाफ दोनदा वापरणाऱ्या इंजिनात, कमी दाबाचे सिलिंडर मोठे ठेवावे लागतात. इथे ते जलद फिरतात, म्हणून आकार फुगवण्याची गरज पडली नाही. काय डोकं चालवलंय! ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी कल्लारलाच माइक लावावा. रॅकवर धुराड्यातून ऐकू येणारे ठोके वरच्या सिलिंडरांचे असतात, त्यामुळे गाडीचा वेग कमी होऊनही ठोके उलट दाट आणि मऊ होतात. डोळे मिटूनही कळतं की रॅक लागला.

आता कॅमेऱ्याचं गणित. फोटो पॅन करत, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत, घ्यायचा. रॅकवर वेग ताशी साधारण १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. चाकाचा व्यास सुमारे ०.८ मीटर, परीघ अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे चाक सेकंदाला ढोबळमानानं एक फेरा पुरा करतं. रेवाडी शेडच्या ‘अकबर’वर, म्हणजे डब्ल्यूपी वर्गाच्या वाफेच्या इंजिनावर, हात बसलेल्यांची इथेच पंचाईत होते. डब्ल्यूपीची चाकं १.७ मीटरची, पण ती गाडी ताशी ४० नं पळत असली तर चाक सेकंदाला दोन फेरे घेतं. तिथे १/३० सेकंदाच्या शटरला रॉड २४ अंश सरकतो आणि छान पुसट होतो. निलगिरीत त्याच १/३० ला तो जेमतेम १२ अंश हलतो. फोटोत इंजिन उभं असल्यासारखं दिसतं, आणि पार्श्वभूमी तेवढी किंचित हलल्यासारखी. ना धड स्थिर, ना धड चालतं.

मग १/८ करून पाहिलं. खालचा रॉड ४५ अंश फिरतो, तो सुंदर. पण वरचा इतका फिरतो की क्रँकचं नुसतं करडं वर्तुळ उरतं, यंत्र कुठलं ते कळतच नाही. शेवटी मुक्काम १/१५ वर. खालचे रॉड ओळखू येण्याइतके आकार धरून राहतात, वरचे पंख्यासारखे पसरतात. दोन मजल्यांच्या वेगातला फरक एका चित्रात मावतो तो इथेच. १/१३ ही चालतं. त्याखाली माझ्या हाताची खात्री नाही.

भर सकाळच्या उन्हात १/१५ म्हणजे उजेड कमी करणारा एनडी फिल्टर हवाच. आयएसओ १०० आणि एफ/८ ला जवळपास पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कापावे लागतात. मी तीन स्टॉपचा एनडी आणि त्यावर पोलरायझर लावतो. पोलरायझर दीड-दोन स्टॉप खातो ते तर झालंच, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. रंगावरची चकाकी तो कापतो, उघड्या धातूवरची फारशी कापत नाही. त्यामुळे इंजिनाचा निळा रंग गडद होतो आणि रॉड मात्र लखलखीत राहतात. रॉडवर तेलाचा ताजा थर असेल तर हा फरक थोडा मवाळ होतो, तरी फिल्टर काढून घेतलेल्या फोटोशेजारी ठेवला की दिसतोच. फ्लॅशचा विचारही करू नका. चढावर इंजिन हाकणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड मारणं हा निव्वळ वेडेपणा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो उतारानं. साडेबाराला एक म्हणजे साडेचार अंशांहून थोडा जास्त. तिपाई पाणसळीनं सपाट लावून पॅन केलं की कॅमेरा आडवा फिरतो आणि इंजिन फ्रेममधून तिरकं वर निघून जातं. पार्श्वभूमीच्या रेघा आडव्या येतात, इंजिनाच्या कडा उभ्या दिशेनं पुसतात. उपाय असा, की तिपाईच्या हेडखालचा, कलवता येणारा लेव्हलिंग बेसच रुळांच्या उताराला समांतर कलवायचा, म्हणजे पॅनची दिशा गाडीच्या वाटेशी जुळते. अर्थात अशा फ्रेममध्ये इंजिन सपाट दिसतं आणि झाडं कललेली. मग संगणकावर झाडांची खोडं उभी येईपर्यंत चित्र फिरवायचं. त्यात कोपरे जातात, म्हणून टिपतानाच चारी बाजूंनी मोकळी जागा सोडतो. काहीजण इंजिन सपाट ठेवूनच फोटो छापतात, नीटनेटकं दिसतं म्हणून. मला ते पटत नाही. ज्या चढासाठी एवढा दुमजली खटाटोप केला, तो चढच चित्रातून पुसून टाकायचा?

लेन्सबद्दल एकच सांगतो. फार जवळून वाइड लेन्सनं पॅन केलं तर इंजिनाचा मधला भाग धारदार येतो आणि दोन्ही टोकं वाहून जातात, कारण टोकांचा कोन वेगळ्या गतीनं बदलत असतो. शक्य तितकं मागे सरून ७० ते १०० मिलिमीटर वापरलं की सिलिंडरपासून शेवटच्या जोडचाकापर्यंत सगळं एका धारेत येतं.

पण मागे सरायला जागा कुठे आहे? एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. रुळांवरून चालत जाणं बेकायदा आहे आणि मूर्खपणाचंही. राहतात त्या स्टेशनं आणि रस्त्यालगतच्या मोजक्या मोकळ्या जागा. कल्लारच्या आसपास हत्तींची जा-ये असते, तेव्हा पहाटे रस्ता सोडून झाडीत शिरू नये. गाडीत बसून गेलात तर चालत्या इंजिनाची बाजू मिळणारच नाही हे उघड आहे. तरी एकदा बसून जावंच. हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं, तेव्हा कर्मचारी तेलाचं कॅन घेऊन रॉडभोवती फिरतात. हातवारे करून विचारलं तर बहुतेक वेळा मान हलवून होकार देतात. स्थिर इंजिनावरचे, सांध्यांचे, तेल ओघळलेल्या क्रँकचे जवळचे फोटो त्या थांब्यावर मिळतात. ते घेतले की घरी मोशनचा, म्हणजे रॉड-क्रँकच्या जुळणीचा, आराखडा समजायला फार मदत होते.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना सरावासाठी निलगिरीपर्यंत जायची गरज नाही. माथेरानच्या गाडीचा वेग जवळपास तितकाच. अमन लॉज ते माथेरान शटलवर १/१५ चा हात बसवता येतो. फिरते रॉड नसले तरी डब्यावरची अक्षरं धारदार आली की समजायचं, जमलं. १९०७ साली सुरू झालेल्या त्या दोन फुटी मार्गावर रॅक कधीच नव्हता, नागमोडी वळणं घेतच तो डोंगर चढला. तिथल्या, बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेलच्या वाफेच्या इंजिनांपैकी ७३८ क्रमांकाचं नेरळला मांडून ठेवलंय. जाता-येता त्याच्या सांध्यांचेही फोटो घ्या. विंटरटूरचं डोकं आणि बर्लिनचं डोकं एकाच कोड्याला किती वेगळी उत्तरं देतात ते शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

ऑक्टोबर ते डिसेंबर हे परतीच्या पावसाचे महिने. दरडी येतात आणि कल्लार–कुन्नूर गाडी वारंवार रद्द होते, म्हणून पुढचा बेत जानेवारीनंतरचा. हवा गार असली की वाफ दाट दिसते, हा त्यातला वरकड फायदा. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात २०११ पासून बांधलेली नवी एक्स इंजिनं आणि जुनी स्विस इंजिनं यांच्या मोशनचे एकाच कोनातून, एकाच शटरनं घेतलेले फोटो जोडीनं लावायचे आहेत. त्यातली जुन्यांची बाजू अजून अपुरी आहे. ती झाली की ब्रेक्समन. रॅकवर प्रत्येक डब्याच्या टोकाला एकजण उभा असतो, हातात हिरवं-लाल निशाण, आणि ब्रेकही त्याच्याच ताब्यात. तिथे १/१५ अजिबात चालणार नाही, माणसाचा चेहरा हवा असेल तर १/२५० च्या खाली जायला नको. म्हणजे फिल्टर पिशवीत आणि पुन्हा पहिल्यापासून तयारी.