पोट दुखतंय म्हणून पाच महिने

मी मूळचा औसा तालुक्यातला. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चाकणला एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला लागलो. खोलीत आम्ही पाच जण, कॉट बेसिसवर. हे नैराश्याचं सगळं सुरू झालं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

सुरुवात झोपेपासून झाली. सेकंड शिफ्ट करून रात्री एकला पाठ टेकायची आणि साडेतीनला टक्क जाग. मग छताकडे बघत उजाडायची वाट बघायची. पुढे जेवण सुटलं. डब्यातली चपाती चावता चावता तोंडात गोळा व्हायचा, घशाखाली उतरायचा नाही. आंघोळ चार-चार दिवस नाही. गावाकडून आईचा फोन आला की वाजून बंद होईपर्यंत नुसता बघत बसायचो. टेबलावर पार्ट मोजताना चाळीसच्या पुढे आकडा हरवायचा, परत एकपासून. आणि आपण घरावर ओझं आहोत, हे एकच दिवसभर डोक्यात. रडू मात्र कधी आलं नाही. आलं असतं तर निदान माझं मला तरी कळलं असतं की काहीतरी बिघडलंय.

दवाखान्यात गेलो नाही असं नाही. पाच महिन्यांत तीन डॉक्टर केले. पण प्रत्येक ठिकाणी सांगितलं काय, तर पोट दुखतंय, अशक्तपणा आहे. तेही खोटं नव्हतं, पोट खरंच दुखायचं. पहिल्या ठिकाणी ताकदीचं सलाईन लावलं. मी थेंब मोजत पडलो होतो आणि मनात एकच चाललं होतं, यांनी विचारावं. झोप लागते का, एवढं जरी विचारलं असतं तरी सगळं बाहेर पडलं असतं. कुणी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. दुसरीकडे सोनोग्राफी झाली, नॉर्मल. तिसरे म्हणाले, "टेन्शन घेऊ नको, लग्न करून टाक." त्या दिवशी परत येताना मला वाटलं, आता या दारानं पुन्हा यायचंच नाही.

जानेवारीतल्या एका रात्री 'उद्याचा दिवस नको' हा विचार येऊन गेला नाही, मुक्कामालाच थांबला. मला माझीच भीती वाटली. कंपनीच्या बोर्डावरच्या टेलीमानसच्या कागदाचा फोटो कधीतरी काढून ठेवला होता. 14416. केंद्र सरकारनं 2022 मध्ये सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, फुकट आणि चोवीस तास. पार्किंगमध्ये जाऊन फोन लावला, मराठी निवडली. पलीकडच्या ताईंनी सगळ्यात आधी विचारलं, "आत्ता तुम्ही कुठे आहात? सोबत कुणी आहे का?" बऱ्याच वेळानं माझा आवाज फुटला. त्या घाई न करता थांबल्या. फोन ठेवायच्या आधी त्यांनी मला रूममेटला उठवायला लावलं आणि सकाळी बहिणीला कळवायचं माझ्याकडून कबूल करून घेतलं. रूममेट काही बोलला नाही. त्यानं चहा ठेवला आणि उजाडेपर्यंत माझ्या कॉटवर पाय दुमडून बसून राहिला.

माझी बहीण, ताई, हडपसरला असते. दहाच्या आत ती दारात होती. "कपडे घाल, चल." एवढंच.

पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पैसे दर महिन्याला कापले जात होते, पण त्यात मानसोपचारही येतो हे मला ठाऊक नव्हतं. ताईनं फोनवर विचारून घेतलं आणि आम्ही ईएसआयच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांसमोर बसलो की जीभ परत पोटाकडेच वळणार, हे मला माहीत होतं. म्हणून रांगेत उभ्या उभ्या खिशात हात घातला. कंपनीतला एक लाल रिजेक्शनचा टॅग सापडला. त्याच्या पाठीवर लिहिलं: झोप नाही. भूक नाही. पाच महिने. जगावंसं वाटत नाही. चार ओळी, अक्षर वाकडंतिकडं. आत गेल्यावर टॅग टेबलावर ठेवला. डॉक्टर बाईंनी तो वाचला, पेन खाली ठेवलं आणि शिपायाला दार ओढून घ्यायला सांगितलं. मग मोठ्या हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली, "आजच जा" असं वर लिहून.

तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास घेतला. झोप, भूक, दारू, घरात आधी कुणाला असं झालंय का. कधी चार-पाच दिवस झोपेशिवाय भलताच उत्साह यायचा का, हेही विचारलं. तेव्हा मला हा प्रश्न विचित्र वाटला. नंतर कळलं की तसं असेल तर आजार वेगळा निघतो आणि औषधंही बदलतात. मग त्यांनी सरळच विचारलं, "जीव द्यायचे विचार येतात का?" इतक्या साध्या आवाजात, जणू खोकला आहे का विचारावं. मी हो म्हणालो. आभाळ कोसळलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं.

नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचा. 27 पैकी माझे 22 आले. 20 पासून पुढे म्हणजे तीव्र नैराश्य. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासायला रक्त घेतलं, कारण त्यातल्या बिघाडानंही माणूस असा होऊ शकतो. माझे रिपोर्ट ठीक आले. गोळी मिळाली एस्सिटॅलोप्राम, आठवडाभर 5 मिलिग्रॅम, मग 10. पहिल्या दोन आठवड्यांपुरती रात्रीची आणखी एक छोटी गोळी. डॉक्टर ताईला म्हणाले, "याला एकटं ठेवायचं नाही. गोळ्या तुमच्याकडे." माझं वय पंचविसाच्या आतलं. या वयात औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही जणांची तगमग आणि ते विचारही वाढू शकतात, म्हणून आठव्या दिवशी परत बोलावलं. ताई रोज रात्री कात्रीनं पाकिटाचा एक चौकोन कापायची आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवायची.

पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ, तोंड कोरडं, पाय एका जागी ठरेनात. हे होणार म्हणून आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी गोळ्या फेकून दिल्या असत्या. दुसऱ्या आठवड्यात झोप थोडी लांबली. तिसऱ्यात फरक नाही. चौथ्या आठवड्यात ताईबरोबर मंडईत गेलो होतो. कोथिंबिरीच्या जुडीवरून ती घासाघीस करत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, वीसला दोन द्या की." ताईनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

नोकरीचं सांगायचं राहिलं. ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लावला की आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षातून 91 दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस धरत नाहीत, आणि आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. लांबणाऱ्या आजारांची वेगळी यादी आहे. टीबी, कॅन्सरबरोबर नैराश्याचा एक प्रकारही तिच्यात आहे. मी सहा आठवडे रजा घेतली. एक वरिष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले, "डोक्याचा दाखला आणलाय." ते अजून बोचतं. पण तेव्हाच्या ईएसआय कायद्याच्या कलम 73 नुसार हा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नव्हतं, हे मी वाचून गेलो होतो, म्हणून पाय डगमगले नाहीत. परत रुजू होताना डॉक्टरांनी नाइट शिफ्ट नको असं लिहून दिलं. ते मिळवायला दोन चकरा पडल्या.

गावाकडे आईला वाटत होतं बाहेरचं काहीतरी लागलंय. तिनं मनगटावर दोरा बांधला. मी बांधून घेतला आणि गोळीही घेत राहिलो. चूक माझी झाली ती मे महिन्यात. चुलतभावाच्या लग्नाला गेलो, अंगात तरतरी होती, गोळ्या चाकणलाच ठेवल्या. चौथ्या दिवशी चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं. दोन आठवड्यांनी साडेतीनची जाग परत आली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, बरं वाटायला लागल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते, आणि बंद करायची ती हळूहळू, आमच्या हातानं. परत 10 वर आलो.

समुपदेशनालाही जातो, महिन्यातून दोनदा. तिथल्या मॅडमनी एक वही करायला लावली: रोज दोन कामं, मन असो नसो. आंघोळ आणि दहा मिनिटं चालणं, इथून सुरुवात झाली. आता वहीत आईला फोन हेही असतं, आणि त्यावर टिक लागते.

आमच्या लाइनवर आतापर्यंत दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कुठं जायचं, काय म्हणायचं. त्यांना सांगितलं तेच इथं लिहितो. ईएसआयचं ई-पहचान कार्ड आणि आधारची झेरॉक्स घ्या. जमलं तर घरचं एक माणूस सोबत. ईएसआय नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी विचारा. रात्री-बेरात्री जीव नकोसा झाला तर सकाळची वाट बघू नका, 14416 लावा आणि शेजारच्याला उठवा. आणि बोलता येणार नाही असं वाटलं तर कागदावर लिहून न्या. झोप लिहा, भूक लिहा, किती दिवसांपासून ते लिहा, मनात येतं तेही लिहा. पोट दुखत असेल तर तेही लिहा, पण सगळ्यात शेवटी.