रेनहून ब्रेस्टला, पाट्या वाचत

रेन स्टेशनची पाटी दोन भाषांत आहे. फ्रेंचमध्ये ‘रेन’, आणि ब्रेटनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या सेल्टिक भाषेत, ‘रोआझोन’. इथे रोमन काळात रेडोनेस नावाची गॉल (फ्रान्समधल्या प्राचीन सेल्टांची) जमात राहायची, दोन्ही नावं तिच्यावरूनच पडली. खरं तर रेनच्या आसपासची पूर्व ब्रिटनी हा गॅलो भाषेचा मुलूख. गॅलो लॅटिनमधून आलेली, फ्रेंचची सख्खी बहीण. तिच्यातली पाटी मात्र क्वचितच दिसते, याची मला चुटपुट लागली. तिचं नावही शेजाऱ्यांनी ठेवलेलं: ब्रेटनमध्ये ‘गाल’ म्हणजे फ्रेंच बोलणारा, परका.

ब्रेस्टच्या गाडीत खिडकीशी बसून स्टेशनांची नावं वाचत गेले. सां-ब्रिओ मागे पडलं की नावांचा नूर पालटतो. प्लुआरे, लांदिविझिओ, लांदेर्नो. ५व्या-६व्या शतकात ब्रिटन बेटावरून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी वेल्शची नातलग असलेली आपली भाषा इकडे आणली, तिची ही ठेव. ‘लान’ म्हणजे संताचा मठ. ‘प्लू’ म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव, आणि हा शब्द लॅटिन ‘प्लेब्स’चा, म्हणजे सामान्य लोकांचा! ज्या खुणेवरून सेल्टिक मुलूख ओळखायचा, तीच रोमनांकडून आलेली.

मोर्लेला उतरले. एका दुकानाच्या दारावर वार ब्रेटनमध्ये लिहिले होते: दिलुन, दिम्यूर्झ, दिमेर्हेर... चंद्र, मंगळ, बुध. शुक्रवार दिग्वेनेर, शनिवार दिसादोर्न. तेच ग्रह, तोच क्रम. मी न अडखळता आठवडा वाचून काढला. हेही सगळे लॅटिनच. फक्त दिवसाचा ‘दि’ ब्रेटनमध्ये पुढे लागतो, फ्रेंच ‘लंदी’, ‘मार्दी’त मागे.

शेवटी ब्रेस्टच्या पश्चिमेला, प्लुआर्झेलजवळचा केर्लोआसचा उभा दगड पाहिला. उंची सुमारे ९.५ मीटर. हात पोचेल एवढ्या उंचीवर दोन बाजूंना दोन गोल उंचवटे आहेत. मुलगे व्हावेत म्हणून नवरा आणि नवऱ्यावर आपली सत्ता चालावी म्हणून बायको, अशी नवी जोडपी पूर्वी त्यांना पोट घासायची. अशा दगडाला जग ‘मेनहिर’ म्हणतं: ब्रेटन ‘माएन’ म्हणजे दगड, ‘हिर’ म्हणजे लांब. पण तो पुस्तकी शब्द. ब्रेटनमधला रुळलेला शब्द ‘पेउल्वान’. त्यातला ‘पेउल’ म्हणजे खांब, मूळ लॅटिन ‘पालुस’; पुढचा ‘वान’ म्हणजे तोच ‘माएन’, जोडताना म चा व झालेला. अर्धा शब्द रोमचा, अर्धा सेल्टांचा.