अंगठ्याखाली

दुपारपासून डोक्यात तेच. अण्णांच्या ॲपल टू-ई या जुन्या संगणकातलं, प्रिंटर-मोडेम जोडायचं सुपर सिरियल कार्ड काढलं, खाऱ्या हवेने मळलेली त्याची कड स्पिरिटने पुसली आणि हात घातलाच होता तर बॉलपेनच्या टोकाने त्यावरचे डिप स्विच, म्हणजे सेटिंगचे बारके खटकेही खालीवर केले. सात-सातच्या दोन ओळी. आधी कसे होते, लिहून घेतलं नाही.

फोटो काढला होता, हो. त्यात दुसरी ओळ लख्ख दिसते. पहिलीवर माझा अंगठा. आणि माहिती पाठवायचा वेग ठरवणारे चार स्विच त्याच ओळीत.

कार्ड एक नंबरच्या स्लॉटमध्ये होतं, तारांची जोडणी बदलणाऱ्या ठोकळ्यावरचा त्रिकोण टर्मिनलकडे. म्हणजे प्रिंटरसाठी लावलेलं, एवढं कळतं. पण वेग किती? ३००? ९६००? प्रिंटर कधीच भंगारात गेला. कुठल्या बाजूला धूळ जास्त, त्यावरून अंदाज येईल म्हणून बॅटरी मारून पाहिलं. धूळही मीच पुसलेली.

वेंगुर्ल्याच्या या घरात अण्णांच्या हातचं जसंच्या तसं एवढंच उरलं होतं. बाकीचं वाटप... जाऊ दे.

पुढे तर कहरच. कार्ड दोन नंबरला घातलं, लॅपटॉपपर्यंत केबल ओढली. तासभर एक अक्षर येईना. केबल क्रॉसची, म्हणजे आतल्या तारा उलटवलेली, आणि टर्मिनलकडचा त्रिकोणही तारा उलटवतो. दोनदा उलटं म्हणजे परत सुलट, दोघंही एकाच तारेवर बोलतायत आणि ऐकणारं कोणी नाही. ठोकळा उपटून मोडेमकडे फिरवला. मग कार्डाला हुकूम टाइप केला: आयएन#२, रिटर्न, कंट्रोल-ए, १४बी, रिटर्न. झाला वेग ९६००. कीबोर्डवरून! १९८१ सालच्या कार्डाला ही सोय होती. वेगासाठी स्विचना हात लावायचं कारणच नव्हतं.

वयनीला सांगितलं तर ती ओटीवर पानं मांडता मांडता म्हणाली, "त्येंनी तरी खंय लिवन ठेवलेला? दर खेपेक सुयेन टोचत बसत. आता ता उचल, माका पानां घेवची आसत."

सुईने! मी निदान बॉलपेन वापरलं. म्हणजे मी पुसलं ते अण्णांचं कुठल्यातरी संध्याकाळचं फसलेलं सेटिंगच असणार, आणि मी मात्र दुपारपासून सुतक धरून बसलोय.

मघाशी लाइट गेली. दुसरी ओळ फोटोत बघून होती तशी करून ठेवलीय. पहिली अंधारातच नखाने चाचपतोय. चौथा वर असावा, असं उगाच वाटतंय.