अमेरिकेत जुनं घर घेऊन फ्लिप करायचंय, म्हणजे दुरुस्त करून लगेच विकायचंय? आधी भिंतीच्या आत बघा

इथलं बहुतेक घर म्हणजे लाकडी सांगाडा. साधारण दर 16 इंचांवर एक उभा वासा, ज्याला स्टड म्हणतात, आणि त्यावर अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल, म्हणजे जिप्समची फळी. विटांच्या भिंतींची सवय असलेल्याला हे फार सोपं वाटतं, कारण एका दुपारात खोली मोकळी करता येते. पण त्याच पोकळीत वायरी असतात, पाइप असतात आणि काही भिंतींवर वरच्या मजल्याचा भारही असतो.

घर कधी बांधलंय ते आधी बघा. 1978 पूर्वीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं; तपासल्याशिवाय कोरडं घासू नका, ती धूळ लहान मुलांना फार घातक असते. साधारण 1965 ते 1973 या काळातल्या घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी सापडतात. त्या जोडणीपाशी सैल होऊन तापतात. 1978 ते 1995 दरम्यानच्या काही घरांत पाण्याचे राखाडी पॉलिब्युटिलिनचे पाइप असतात. ते आतून ठिसूळ होऊन अचानक फुटतात, म्हणून दिसले की बदलायचेच. आणि घर घेण्याआधी सांडपाण्याच्या मुख्य लाइनीत कॅमेरा घालून बघाच. मातीच्या जुन्या पाइपांत झाडांची मुळं शिरलेली असतात, आणि हे साध्या पाहणीत कळत नाही.

स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढायचा मोह सगळ्यांना होतो. छतातले जॉइस्ट, म्हणजे आडवे वासे, तिच्यावर काटकोनात टेकलेले असतील तर ती भार पेलणारी आहे असंच धरून चाला. समांतर असले तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. काढताना आधी दोन्ही बाजूंना तात्पुरते टेकू, मग बीम. चूक होते ती याच्या पुढे: बीम भक्कम बसवतात, पण त्याच्या टोकांचे खांब नुसत्या जमिनीच्या फळीवर उभे करतात. भार थेट पायापर्यंत पोचला नाही की जमीन दबते आणि दारं अडकायला लागतात.

कामाचा क्रम पाण्यापासून सुरू होतो. छप्पर, पन्हळी आणि घराभोवतीचा उतार आधी. पायापासून पहिल्या 10 फुटांत जमीन निदान 6 इंच खाली गेली पाहिजे. तळघरातली ओल बरेचदा एवढ्यानेच थांबते, हजारो डॉलरचं वॉटरप्रूफिंग न करता. मग सांगाडा, मग सांडपाण्याचे पाइप, हवेचे डक्ट आणि शेवटी वायरी, कारण वायर कुठूनही वळवता येते, पाइपाला उतार लागतो. यानंतर इन्स्पेक्टरची तपासणी, आणि ती होईपर्यंत ड्रायवॉल लावायचं नाही. आधीच झाकलंत तर ते फोडून दाखवायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. शॉवरच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचरा बुजवून 24 तास पाणी साठवून ठेवा. पातळी उतरली तर गळती तेव्हाच सापडते, टाइल लागल्यावर नाही.

पैशाचा ढोबळ हिशेब असा: दुरुस्तीनंतर घर 3,00,000 डॉलरला जाणार असेल तर त्याचे 70 टक्के, म्हणजे 2,10,000, त्यातून दुरुस्तीचे 60,000 वजा केले की 1,50,000. याहून जास्त देऊन घर घेऊ नका. उरलेल्या 30 टक्क्यांत व्याज, दलाली, मालमत्ता कर, विमा आणि तुमचा नफा, सगळं बसवायचं असतं. विम्यावरून आठवलं: घराचा नेहमीचा विमा रिकाम्या घराला अनेकदा 30 किंवा 60 दिवसांनंतर पूर्ण लागू राहत नाही. रिकाम्या घराची वेगळी पॉलिसी पहिल्या दिवसापासून घ्या.

एच-1बी व्हिसावर असाल तर खरेदीआधीच इमिग्रेशन वकिलाला विचारा. घर विकत घेणं ही एक गोष्ट, पण स्वतः काम करून सतत घरं विकणं हा परवानगीबाहेरचा रोजगार ठरू शकतो.

आणि विक्रीची तारीख ठरवताना एफएचए कर्जाचा, म्हणजे सरकारी हमी असलेल्या गृहकर्जाचा, नियम लक्षात ठेवा. तुम्ही घर घेतल्यापासून 90 दिवसांच्या आत केलेल्या विक्रीच्या कराराला ते कर्ज साधारणपणे मिळत नाही. पहिलं घर घेणारे अनेक जण याच कर्जावर अवलंबून असतात. म्हणजे दोन महिन्यांत काम आटोपलं, तरी हे ग्राहक तुम्हाला चौथ्या महिन्यातच मिळणार. तो एक महिन्याचा व्याजाचा हप्ता सुरुवातीच्या हिशेबातच धरा.