गळ्यातला गाऊ

आज मॅक्लॉडगंजला दलाई लामांच्या मंदिराभोवतीच्या परिक्रमेच्या वाटेवर एका तिबेटी आजींनी आपल्या गळ्यातला ‘गाऊ’ मला जवळून पाहू दिला. चांदीची छोटी डबी, झाकणावर बारीक नक्षी, मधोमध फिरोजाचा निळसर खडा आणि वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेल्या कडा. अशा डबीत मंत्र लिहिलेला कागद, देवतेची लहानशी प्रतिमा किंवा लामांनी आशीर्वाद देऊन दिलेली वस्तू असते. आजींनी ती उघडली नाही आणि मीही तसे सुचवले नाही, कारण ती पूजेची वस्तू आहे, दाखवण्याची नव्हे.

त्यांच्या माळेत पोवळीही होती. समुद्रापासून इतक्या दूरच्या तिबेटच्या पठारावर भूमध्य समुद्रातली पोवळी व्यापारी मार्गांनी पोहोचत, याचे मला फार अप्रूप वाटते. फिरोजा धारण करणाऱ्याचे प्राणबळ राखतो, अशी श्रद्धा आहे. सर्वांत मोलाचा मात्र ‘झी’, म्हणजे डोळ्यांसारखी वर्तुळे असलेला अकीकाचा मणी. त्यातही नऊ डोळ्यांच्या मण्याचा मान मोठा. तो भंगला तर धारकावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले, असे मानतात.

१९५९ नंतर तिबेट सोडून भारतात आलेल्या अनेक कुटुंबांना पोटासाठी असे पिढीजात दागिने विकावे लागले. म्हणूनच जे अजून घरात, अंगावर आहेत, ते तिथेच राहावेत असे मला मनापासून वाटते. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. येत्या लोसारला, त्यांच्या नववर्षाला, तिथे जायचे ठरवले आहे.